तिसरी गैरहजेरी

रविवार, नऊ फेब्रुवारी, सकाळी अकरा. चामराजपेट, धाकट्या भावाचं घर. हजर: मी, भाऊ, वहिनी आणि सर्जापूर रोडवरून दोन बस बदलून येणारी पुण्याची मुलगी. गैरहजर: अण्णा. सलग तिसऱ्यांदा.

महिन्यातल्या एका रविवारी आम्ही आयरिश पंक ऐकायला जमतो. प्रत्येकानं एकच गाणं आणायचं, ते दोनदा लावायचं आणि दुसऱ्या वेळी ध्रुवपद सगळ्यांनी म्हणायचं. वहिनीला शब्द कळत नाहीत, पण टेबलावरचा ठेका तिचाच चुकत नाही. हे वेड मला लावलं अण्णांनी. वीसेक वर्षांपूर्वी आम्ही एकाच ऑफिसात होतो. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी इयरफोनचा एक कान मला दिला. वर पत्र्याची छोटी बासरी, जत्रेत सुटल्यासारखी मोकाट. खाली गिटार आणि ड्रम्स, कुणी माडीवर कपाटं ओढावीत तसे. गाणं घर सोडून बोटीत बसलेल्या माणसाचं होतं.

"नीट ऐक," अण्णा म्हणाले. "रडतोय, पण नाचत."

त्या दुपारी मी एकही फाइल धड पाहिली नाही.

सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी, हा नियम माझा. लोक येतो म्हणून येत नाहीत आणि वहिनी सगळ्यांच्या इडल्या करून बसते, म्हणून केलेला. मी फोन काढला.

"स्वल्प थांब की, अक्का," भाऊ म्हणाला. "शाळा चालवतेस का?"

"नियमाला तूच मान डोलावली होतीस."

"उद्या माझं नाव काढशील, मग इडली कुठे खाशील?"

पुण्याची मुलगी हसली. मी अण्णांना ग्रुपमधून काढलं आणि चटणी वाढून घेतली.

दुसऱ्या दिवशी के. आर. पुरमहून त्यांच्या बायकोचा फोन आला. अण्णांना वर्षभर कमी कमी ऐकू येतंय. ड्रम्स कळतात, उंच, बारीक सूर आधी गेले. बासरी तर पूर्णच गेली. शेवटचे आले होते तेव्हा ध्रुवपद कधी सुरू होतं हे ते माझ्या तोंडाकडे बघून ओळखत होते. मी त्यांना म्हटलंही होतं, "काय बघताय, दात मोजताय का?" सगळे हसले होते. तेही.

"तुम्हाला सांगायची लाज वाटली त्यांना," बाई म्हणाल्या. "काल ग्रुपमधून काढलेलं बघून म्हणाले, बरं झालं, आता कारणं द्यायला नकोत. मग जेवले नाहीत."

मी लगेच त्यांना परत ग्रुपात घेतलं. तासाभरात ते स्वतःच बाहेर पडले. फोन केला, उचलला नाही. उचलून तरी त्यांना काय ऐकू आलं असतं, हे मला नंतर सुचलं. मग लिहायला बसले. चार ओळी झाल्या, त्या ऑफिसच्या नोटिशीसारख्या वाटल्या, पुसून टाकल्या. समोर जाऊन बसायला हवं, एवढं पक्कं झालं.

त्यानंतरच्या तीन शनिवारांत बँक, दळण, आईची औषधं, गॅसची तक्रार, सगळं उरकलं. के. आर. पुरमला जायचं राहिलंय.