हादोंगवालीने खाल्लेला नैवेद्य

आमच्याकडे बायकांना माहेरच्या गावावरून हाक मारतात. ती हादोंगहून लग्न होऊन आली, म्हणून हादोंगवाली. गुम-न्ये हे तिचं खरं नाव मलाही तिच्या दवाखान्याच्या कागदावरूनच कळलं. गाव संपून चिरीसान डोंगराचं राष्ट्रीय उद्यान जिथे सुरू होतं, तिथलं शेवटचं घर तिचं. बाई तोंडाची फटकळ. गावात बाकी सगळे मिठाची गुळणी धरून बसायचे, म्हणून मला ती आवडायची.

तिच्या घरामागेच डोंगरदेवाचं ठाणं आहे. पूजा झाली की नैवेद्य माणसांनीच तिथे बसून संपवायचा, कणही मागे ठेवायचा नाही, ही आमची जुनी रीत. ती तिच्या शेजारच्या मान-गीने मोडली. त्याच्या पाहुणेघरात तेव्हा चिटपाखरूही फिरकत नव्हतं. छातीवर पांढरी चंद्रकोर असलेली एक अस्वलीण ठाण्यापाशी येऊन गेल्याचं त्याने पाहिलं आणि तो रोज पहाटे तिथे मध लावलेल्या तांदळाच्या वड्या ठेवू लागला. देवासाठी, म्हणे! पाहुणे त्याच्या ओसरीतून ठाण्याकडे कॅमेरे लावून बसायचे. दारावर अस्वलिणीच्या फोटोची पाटी लागली.

माणसाच्या खाण्याला चटावलेलं अस्वल उद्यानवाले पकडून नेतात आणि मग ते जन्मभर कुंपणात राहतं, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. हादोंगवालीने ते चावडीवर सगळ्यांसमोर सांगितलं. मान-गी हसला.

"आजी, देवाला दिलंय मी. देव ते कुणाला खाऊ घालेल, हे विचारणाऱ्या तुम्ही कोण?"

"मी माणूस. नैवेद्य माणसाने खायचा असतो. उद्यापासून मी खाते."

आणि ती खरंच खाऊ लागली. अस्वलिणीच्या आधी जाऊन, ठाण्यासमोर बसून, सगळ्या वड्या. मी म्हटलं, कोंबड्यांना टाका. तर म्हणाली, देवाचं आहे, टाकायचं कसं? तिला साखरेचा आजार होता. गाव तिला नैवेद्यचोर म्हणू लागलं, पूजेला बोलावेनासं झालं. मान-गीला मात्र कुणी चकार शब्दाने विचारलं नाही. पाहुण्यांमुळे सगळ्यांचीच भाजी खपत होती ना! आजही आठवलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

शेवटी ती अंगणातच कोसळली. ती दवाखान्यात पडून असताना अस्वलीण वड्यांना चटावली आणि एके दिवशी थेट मान-गीच्या स्वयंपाकघरात शिरली. पाहुणे किंचाळले. उद्यानवाल्यांनी भुलीचं इंजेक्शन मारून तिला नेलं.

दवाखान्यातून सुटल्यावर हादोंगवालीने मला गाडी आधी कुंपणाकडे घ्यायला लावली. आम्हाला पाहताच अस्वलीण मागच्या पायांवर उभी राहिली आणि जाळीतून पंजा पुढे केला. हादोंगवालीने तिला काही दिलं नाही.

पुढच्या पूजेला ती न बोलावता आली. मान-गी पुढे होऊन वड्या वाटत होता. तिने त्याच्या हातातलं ताट घेतलं आणि त्याच्याच पुढ्यात ठेवलं.

"खा," ती म्हणाली. "सगळं."

त्याने सरपंचाकडे पाहिलं. सरपंच खाली बघत होते. कुणीच मध्ये पडलं नाही. मान-गी खाली बसला आणि खाऊ लागला. ताट रिकामं होईपर्यंत ती त्याच्या समोरून हलली नाही.