मॅडम पुन्हा वाचू लागल्या

पीएच.डी.साठी मी विदर्भातून पुण्याला आले, तेव्हा माझ्या मार्गदर्शक मॅडमची नजर अधू व्हायला लागली होती. डोळ्यांच्या पडद्याचा आजार होता. कडेकडेचं दिसायचं, पण नजर जिथे रोखावी नेमकं तेच पुसट व्हायचं. "समोरच्याचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही," असं त्या सांगायच्या. साठवणीतल्या कांद्यावर येणारी काळी बुरशी हा त्यांचा आयुष्यभराचा विषय. आता त्यावर जगात नवीन काय छापून येतंय, ते त्यांना वाचता येत नव्हतं.

म्हणून दर शनिवारी मी येरवड्याच्या माझ्या खोलीवरून त्यांच्या घरी जायचे. ग्रंथालयातल्या शोधपत्रिकांमधून लेखांच्या झेरॉक्स काढून न्यायच्या आणि मोठ्यानं वाचून दाखवायच्या. बुरश्यांची लॅटिन नावं आली की माझी जीभ अडखळायची.

"पुन्हा म्हण," मॅडम डोळे मिटूनच म्हणायच्या. "बुरशीला ऐकू येत नाही म्हणून तिचं नाव कसंही घ्यावं असं नाही."

मध्येच थांबवून त्या विचारायच्या, "हे पटतं तुला?" छापलेल्या गोष्टीवरही शंका घ्यायची असते, हे मी तिथे बसून शिकले.

मग ग्रंथालयानं छापील अंक घेणं बंद केलं. यापुढे सगळं संगणकावर, अशी सूचना लागली. मॅडम चिडल्या. "कागद निदान हातात तरी धरता येत होता," म्हणाल्या. मलाही वाईट वाटलं. तरी पुढच्या शनिवारी मी माझा लॅपटॉप घेऊन गेले. एक नवा लेख उघडला आणि अक्षरं मोठी करत गेले. शेवटी पडद्यावर जेमतेम तीन-चार शब्द मावू लागले. मॅडमनी मान तिरकी केली, नजरेची चांगली कड त्या शब्दांवर आणली आणि स्वतः एक वाक्य वाचलं. मग दुसरं. पानभर वाचून झाल्यावर त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि मला चहा टाकायला सांगितलं.

थकल्यावर ऐकता यावं म्हणून लेख वाचून दाखवणारा संगणकाचा आवाज मी त्यांना लावून दिला. तो ऐकून म्हणाल्या, "उच्चार तुझ्यापेक्षा वाईट आहेत. पण हा जांभया देत नाही."

त्या निवृत्त झाल्या आणि विद्यापीठाचा पासवर्ड बंद झाला. लेखाचा सारांश दिसायचा, पुढे कुलूप. पैसे भरा, मग वाचा. "दारावरची पाटी दाखवतात आणि आत घेत नाहीत," मॅडम म्हणाल्या. सगळ्यांसाठी मोफत खुले ठेवलेले लेख मात्र त्यांना वाचता येत होते. सुरुवातीला ते थोडेच होते, हळूहळू वाढत गेले. कुठल्या कुठल्या देशांतल्या, कधीही न भेटलेल्या माणसांनी आपलं काम असं उघडं ठेवलं होतं, आणि पुण्यातल्या एका फ्लॅटमध्ये एक निवृत्त बाई ते रोज सकाळी वाचत होत्या.

त्याच सुमारास आम्ही दोघींनी मिळून एक लेख लिहिला. मी तोवर लोणी काळभोरच्या एका कॉलेजात शिकवायला लागले होते. एका नावाजलेल्या परदेशी पत्रिकेत तो छापून आला असता तर माझ्या बढतीला उपयोग झाला असता. पण ती पत्रिका कुलपाआडची.

"तुझं भलं होणार असेल तर तिथे दे," मॅडम म्हणाल्या. "माझं नाव काढून टाक. मलाच वाचता येणार नाही तिथे माझं नाव कशाला?"

मी आठवडाभर विचार केला. शेवटी लेख एका खुल्या पत्रिकेला दिला. ती लेखकांकडूनही पैसे घेत नव्हती.

काही महिन्यांनी एक ईमेल आला. पाठवणाऱ्या बाई विदर्भातल्या, माझ्या गावापासून जवळच्या एका छोट्या कॉलेजात शिकवत होत्या. लिहिलं होतं, 'आमच्याकडे शोधपत्रिका येत नाहीत. तुमचा लेख मोबाइलवर वाचला, मुलांनाही वाचायला दिला. पण तुमचे प्रयोग पुण्याच्या हवेतले आहेत. आमच्याकडच्या उन्हाळ्यात हेच निष्कर्ष टिकतील का?'

मी तो मॅडमना वाचून दाखवला. तो प्रश्न त्यांनी मला पुन्हा वाचायला लावला. मग म्हणाल्या, "टिकणार नाहीत बहुतेक. हा प्रश्न मला कसा पडला नाही? बोलाव त्यांना."

बाई उन्हाळ्याच्या सुट्टीत आल्या. मी त्यांना घेऊन मार्केट यार्डात गेले, आम्ही दोघींनी मिळून कांदे निवडले, माझ्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत जास्त तापमानाला प्रयोग पुन्हा केले. बुरशी खरंच वेगळी वागली. आमचा आधीचा निष्कर्ष दुरुस्त करणारा दुसरा लेख आम्ही तिघींच्या नावानं लिहिला, आणि तोही खुलाच ठेवला.

बढती मला उशिरा मिळाली, पण मिळाली. मॅडम आता ऐंशीच्या घरात आहेत. नजर आणखी गेली आहे, आता त्या बहुतेक कानांनीच वाचतात. परवा गेले तेव्हा दार त्यांनीच उघडलं. आत लेख वाचणारा आवाज चालू होता. "बस," मला म्हणाल्या, "निष्कर्षापर्यंत आलेय. तेवढं ऐकू, मग बोलू." मी शेजारी बसून ऐकत राहिले. लेख कुणाचा होता कोण जाणे, पण ज्यानं तो आमच्यासाठी उघडा ठेवला त्याचे मी मनातल्या मनात आभार मानले.