पोपटाची खाट

डॉक्टरांनी सोड्याच्या गरम पाण्यात फडकं बुडवलं, पिळलं आणि माझ्या सॅम्पलच्या फळीवरून जोरात फिरवलं. पहिल्या फेरीत पॉलिश पांढरं पडलं. दुसऱ्या फेरीत कमळाच्या पाकळ्या फडक्यावर उतरल्या.

"नूरमिस्त्री, आम्ही खाटा दिवसातून दोनदा अशाच पुसतो," डॉक्टर म्हणाले. "हे कमळ एक दिवससुद्धा टिकणार नाही."

माझे मालक गणपतशेट शेजारीच उभे होते. त्यांनी फळीकडे पाहिलं नाही, माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाले, "साहेब, आठ दिवस द्या. पक्कं बसवून देतो."

दुसऱ्या महायुद्धाच्या आधीची दोन-तीन वर्षं असतील. लोणावळ्यात गणपतशेटचा फर्निचरचा कारखाना होता आणि मी तिथे पॉलिशचं काम करायचो. गावाबाहेर क्षयाच्या रोग्यांचं एक इस्पितळ होतं. तिथे लहान मुलांचा नवीन वॉर्ड निघणार होता. मुंबईच्या एका दात्याने सागवानी खाटा द्यायचं कबूल केलं होतं आणि ते काम आमच्याकडे आलं होतं.

चित्रांची कल्पना सिस्टर रूथबाईंची. त्या नगरकडच्या, वॉर्डाच्या मुख्य. त्यांनी मला नीट समजावून सांगितलं. मुलं चार ते आठ वर्षांची. त्यांना आकडे वाचता येत नाहीत. एकाचा पेला दुसऱ्याने तोंडाला लावला तर रोग वाढतो. म्हणून प्रत्येकाला एक चित्र द्यायचं. तेच चित्र खाटेच्या उशाला, तेच पेल्याच्या पेटीवर. कमळवाल्याने कमळाचाच पेला घ्यायचा, हत्तीवाल्याने हत्तीचा.

हाताने रंगवायला वेळ नव्हता. मुंबईच्या एका व्यापाऱ्याकडे विलायती छापील चित्रांचे कागद मिळायचे. चित्र कागदावर उलटं छापलेलं असतं, मेणासारख्या पातळ थरावर. कागद लाकडावर पालथा घालायचा आणि वरून गरम इस्त्री दाबायची. थर वितळतो, रंग लाकडाकडे जातो, कागद सोलून घ्यायचा. ऐकायला सोपं वाटतं. पण कागद फार गरम असताना सोलला तर रंग कागदाबरोबर परत येतो, आणि फार थंड झाल्यावर सोलला तर कागद फाटतो. इस्त्री कोळशाची. तिला काटा नाही, बटण नाही. पाण्याचा थेंब टाकून त्याच्या आवाजावरून उष्णता ओळखायची.

दुसरी अडचण सागाची. साग तेलकट लाकूड, रंग धरत नाही. म्हणून मी खाली चपड्याचं पॉलिश दिलं होतं. चपडा म्हणजे लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. उष्णतेने ती मऊ होते आणि चित्र तिच्यात रुतून बसतं. पण लाखेला सोडा चालत नाही. सॅम्पल गेलं ते तिथेच.

आठ दिवसांत मी चार फळ्या वाया घालवल्या. पाचवी जमली. चपड्याचा हात अगदी पातळ ठेवला, काचपेपर मारला, इस्त्री एकदा कागदावरून आणि एकदा कागद काढल्यावर ओल्या फडक्यावरून फिरवली. मग त्यावर तेलाच्या वार्निशचे तीन हात दिले आणि प्रत्येक हात उन्हात वाळवला. फळी घेऊन इस्पितळात गेलो. डॉक्टरांनी सोड्याने घासली, मग फिनेलने घासली, शेवटी नखाने खरवडून पाहिली. काही झालं नाही.

"आता हे खाटेबरोबरच जाईल," डॉक्टर म्हणाले.

मला फार बरं वाटलं. गणपतशेटनी कारखान्यात चहा मागवला. तसं ते सहसा करत नसत.

वॉर्ड सुरू झाल्यावर मी दर पंधरा दिवसांनी तिथे जायचो. लोणावळ्याची हवा दमट, वार्निश कुठे उडालं तर लगेच हात द्यायचा असं ठरलं होतं. दिवसा खाटा व्हरांड्यात उन्हाला काढलेल्या असत. मुलं त्यांच्यावर पडून असत. मी तोंडाला रुमाल बांधून खाटा तपासत जायचो.

पोपटाच्या खाटेवर भाजे गावची एक मुलगी होती, सगुणा. सहा वर्षांची असेल. तिचा बाप कोंडिबा मळवली स्टेशनाजवळ रेल्वेचे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगमध्ये होता. पहिल्या खेपेला ती माझ्या हातातल्या ब्रशकडे बघत राहिली.

"ह्यो राघू तुमी चिकटावला व्हय?" तिने विचारलं.

"हो."

"उडायचा न्हाई ना?"

"नाही. इस्त्रीने बसवलाय."

"बरं केलं. माझा आदी एक व्हता, त्यो उडून गेला."

बोलताना तिचं बोट पोपटाच्या चोचीवर होतं. मी तिला हात लावू नको म्हणणार होतो, मग म्हटलं, वार्निश पक्कं आहे, लावू दे.

पुढच्या दोन-तीन खेपांना ती तशीच होती. आषाढात गेलो तेव्हा खाट रिकामी होती आणि गादी नव्हती. खाट तपासली. वार्निश शाबूत होतं.

त्यानंतर त्या खाटेवर तळेगावचा एक मुलगा आला. तो आला तेव्हाच फार आजारी होता. तीन आठवड्यांत तोही गेला.

श्रावण संपता संपता सिस्टर रूथबाई कारखान्यात आल्या. त्या अशा कधी आल्या नव्हत्या. बसल्यासुद्धा नाहीत.

"मिस्त्री, पोपट काढायचाय."

"का? खराब झाला?"

"खराब झाला असता तर बरं होतं. मुलं म्हणतात, पोपटाच्या खाटेवर जो झोपतो त्याला पोपट घेऊन जातो. काल एका मुलीला तिथे ठेवलं. ती रात्रभर जमिनीवर बसून राहिली. ताप एकशेचारवर गेला."

"डॉक्टर काय म्हणतात?"

"खुळचटपणा म्हणतात. पण काढा म्हणाले."

दुसऱ्या दिवशी मी हत्यारं घेऊन गेलो. खाट व्हरांड्याच्या टोकाला आणली होती. बाकीची मुलं आपापल्या खाटांवरून बघत होती.

आधी स्पिरिट लावलं. तेलाच्या वार्निशला त्याने काही होत नाही. मग कॉस्टिक सोडा लावला. वार्निश फुगलं, ते मी पत्र्याच्या पट्टीने ओढून काढलं. पण खालचा रंग जाईना. मीच इस्त्री दोनदा फिरवली होती. हिरवा रंग सागाच्या रेषांमध्ये उतरला होता. फुटक्या काचेच्या धारेने खरवडायला लागलो. दुपारपर्यंत शेपूट गेलं, पंख गेले. चोच सगळ्यात शेवटी गेली. काचपेपर मारला, पुन्हा पॉलिश दिलं आणि दोन पावलं मागे येऊन पाहिलं.

पोपट तिथेच होता.

रंग नव्हता, पण आकार होता. उन्हाने खाटेचं बाकीचं लाकूड काळवंडलं होतं. चित्राखालचं लाकूड झाकलेलं राहिलं, ते फिकट. पॉलिश दिल्यावर फरक आणखी उठून आला. आधी हिरवा पोपट होता, आता पांढुरका झाला होता.

हत्तीच्या खाटेवरचा एक मुलगा हळूच शेजारच्याला म्हणाला, "बग, त्यो मेला. आता भूत झालाय."

सिस्टरनी ते ऐकलं. माझ्याकडे बघून त्या म्हणाल्या, "आज राहू द्या."

संध्याकाळी गणपतशेटना सांगितलं. ते चिडले. "पक्कं बसवायला सांगितलं ते पक्कं बसवलंस. आता निघत नाही म्हणून तक्रार कशाला?"

"त्यांची तक्रार नाही," मी म्हणालो. "माझीच आहे. उशाची फळी बदलू या."

ते म्हणाले, "कोरी लाव. चित्र नको."

मी नवी फळी घेऊन गेलो, त्या दिवशी धुकं इतकं होतं की इस्पितळाचं फाटक दिसत नव्हतं. जुनी फळी खोबणीतून ठोकून काढली आणि नवी बसवली. वॉर्डातली एकही जुनी वस्तू बाहेर जाऊ द्यायची नाही, मागच्या भट्टीत जाळायची, हा तिथला नियम होता. म्हणून फळी बगलेत धरून मी मागे गेलो.

भट्टीजवळ कोंडिबा बसला होता. मी त्याला व्हरांड्यात रविवारी पाहिलं होतं, म्हणून ओळखलं. सिस्टर त्याच्याजवळ उभ्या होत्या. कुणीतरी मळवलीला त्याला सांगितलं होतं की पोरीच्या खाटेची फळी काढणार आहेत. ड्यूटी संपवून तो चालत आला होता.

"बाई, तिचं काय बी ऱ्हायलं न्हाई," तो म्हणत होता. "कापडं जाळली. भावली जाळली. म्या काय बोललो न्हाई. येवडी फळी तरी द्या."

"ती देता येत नाही, कोंडिबा."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "मिस्त्री, तुमी सांगा की. ह्याच्यात काय ऱ्हायलंय आता?"

मी सिस्टरना म्हणालो, "मी वरचा थर सगळा काढलाय. कॉस्टिक लावलंय. नवीन पॉलिश आहे. माझ्या मते यात काही राहिलेलं नाही."

"तुमच्या मते," सिस्टर म्हणाल्या. आवाज चढवला नाही. "खोबणीतलं साफ केलंत?"

खोबणीतलं केलं नव्हतं.

त्या कोंडिबाकडे वळल्या. "घरी धाकटा आहे ना? दोन वर्षांचा?"

"व्हय."

"तो ही फळी तोंडात घालेल. मग त्यालाही इथे आणशील. कुठली खाट देऊ त्याला?"

कोंडिबाने हात पुढे केला. मला वाटलं, फळी ओढून घेतोय. पण त्याने नुसता अंगठा चोचीच्या जागेवर ठेवला. मी खरवडताना तिथे खळगा पडला होता. तो काचेने पडला होता, पोरीच्या बोटाने नाही, हे मला माहीत होतं. मी सांगितलं नाही.

मग तो म्हणाला, "टाका."

फळी मीच भट्टीत टाकली. पॉलिश ताजं होतं, भसकन पेटलं. चपड्याचा आणि सागाच्या तेलाचा वास सगळीकडे पसरला. आम्ही तिघं ती जळेपर्यंत उभे होतो.

माझ्या पिशवीत त्याच छापाचा एक कागद होता. जास्तीचे मागवलेले, त्यातला उरलेला. मी तो कोंडिबाला देऊ केला. म्हटलं, दाराच्या चौकटीवर बसवून देतो, भाज्याला येऊन.

त्याने कागद हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. छापील चित्र उलटं असतं, त्यामुळे पोपटाचं तोंड दुसरीकडे होतं.

"ह्यो तिचा न्हाई," तो म्हणाला. कागद घडी न करता परत दिला आणि फाटकाकडे निघाला. धुक्यात तो लगेच दिसेनासा झाला. नंतर मी त्याला कधी भेटलो नाही.

पुढे मी सिस्टरना सुचवलं आणि त्यांनी मान्य केलं. खाटांवरची सगळी चित्रं काढली, म्हणजे सगळ्या फळ्या बदलल्या. नव्या फळ्यांचं लाकूड कारखान्याच्या तुकड्यांतून काढलं. चित्रं हातभर लांबीच्या पाट्यांवर बसवली आणि पाट्या खाटांना आकड्याने अडकवल्या. मूल गेलं की पाटी भट्टीत जायची आणि पुढच्या मुलाला दुसरं चित्र मिळायचं. बरं झालेल्या मुलाचीही पाटी जाळावीच लागे. एकदोन मुलं त्यासाठी रडली. ते रडणं सिस्टरना चालत असे.

पोपटाचे उरलेले कागद मी वापरले नाहीत. पुढे लढाई सुरू झाली, विलायती माल यायचा बंद झाला आणि ते काम आपोआप थांबलं.

आता धंद्यातली नवीन माणसं कधी कधी विचारायला येतात, छापील चित्र लाकडावर पक्कं कसं बसवायचं. मी सगळं सांगतो, काही हातचं राखत नाही. मग त्यांना विचारतो, ते काढायची वेळ आली तर काय करणार? बहुतेक जण हसतात. म्हणतात, बसवलेलं काढायला कशाला सांगेल कोणी. मी त्यांना सांगतो, गिऱ्हाईक आज काय मागतं ते ऐकावं, पण काम करताना वस्तू पुढे कुणाच्या हाती जाणार आहे तेही बघावं. हे कुठल्या मालकाने मला शिकवलं नाही.