अंगठा अडकला न्हाय ना?

अकॉर्डियनवाला म्हटल्यावर तुम्हाला हॅट, सूट आणि बारीक मिशी दिसायला लागली असेल. पुसून टाका. आमचे गोडदेव गावचे काका हळदीला बनियन आणि बर्म्युडात वाजवतात.

त्यांच्या अकॉर्डियनला पेटीसारख्या पट्ट्या नाहीत, बटणं आहेत. बटणांच्या कडेला चामड्याचा छोटासा पट्टा आहे, त्यात उजवा अंगठा घालायचा. गाणं तीन मिनिटांचं असलं तरी काका त्या पट्ट्याशी दहा मिनिटं खेळणार. एक भोक सैल, परत एक घट्ट. मग अंगठा पहिल्या पेरापर्यंत आत घालून चारही बोटं हवेत नाचवणार आणि स्वतःलाच विचारणार, "बसला? बसला. अडकला न्हाय ना? न्हाय."

हे मला हुबेहूब जमतं, असं मला वाटायचं.

ताईच्या हळदीला वाजवता वाजवता काका चहाला उठले आणि मी अकॉर्डियन अंगावर चढवला. माझा अंगठा बारीक, म्हणून पट्टा पार आवळला, मनगट मुरडलं आणि "बसला, बसला" करत भाता ओढला. मंडप हसून लोळला. मागे बघतो तर काका, हातात कप.

त्यांनी कप ठेवला, अकॉर्डियन माझ्याकडून काढून घेतला. पट्टा दोन भोकं सैल केला आणि असं वाजवलं की पप्पापण नाचले.

नंतर अकॉर्डियन घेऊनच मला मंडपामागे धरलं.

"माझी नक्कल कर, माझं काय जात न्हाय. पण मी अंगठा असा आवळून कधी वाजवलंय? वरच्या बटणांवर बोट तरी पोचंल काय? बघणाऱ्याला वाटंल, म्हाताऱ्याला हात ठेवायलाच येत न्हाय. मग मला हळदीला कोण बोलवंल? हां, धर आता. धर म्हणतो ना! आणि ते मनगट सोड आधी, गाढवा!"