अ पीस ऑफ चिक्की

गूळ उकळल्याचा वास आला की लोणावळ्यातलं ते चिक्कीचं दुकान आठवतं. इंग्रजी बोलेल तिला काउंटर आणि दुसरीला भट्टी, असं शेठनी तिथे नव्याने कामाला लागलेल्या आम्हा दोघींना सांगितलं होतं. मी ‘अ बॉक्स ऑफ’, ‘अ पॅकेट ऑफ’ अशी चाळीस वाक्यं नंबर घालून वहीत लिहिली. जवळच्या औंढे गावच्या माझ्या सोबतिणीने वही मागितली, तेव्हा ती पिशवीत असूनही मी ‘घरी राहिली’ म्हणाले. दुसऱ्याच दिवशी एक परदेशी बाई आल्या. माझ्या पाच वाक्यांवर त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. माझ्या सोबतिणीने सरळ त्यांच्या तळहातावर तुकडा ठेवला. ‘अ पीस ऑफ चिक्की! खावा, लय ग्वाड हाय!’ बाईंनी सहा पाकिटं घेतली आणि काउंटर हिला मिळालं. ‘ताई, तुमी घोकत व्हता, त्येच ऐकून शिकले,’ ती प्रेमाने म्हणाली. आजही बाजारात जाताना मी त्या दुकानासमोरून न जाता पलीकडच्या गल्लीने जाते.