एकच खटका

सगळा संसार विश्वासावर चालतो. आमच्या दादाच्या टेम्पोच्या मागे हे पिवळ्या अक्षरांत लिहिलेलं आहे. त्याच्या खाली, जरा बारीक अक्षरांत, 'अंतर ठेवा' असंही आहे.

दादाच्या डाव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी त्याला काही महिने स्टिअरिंगपासून लांब राहायला सांगितलं. वहिनीनं टेम्पोचं लायसन्स आधीच काढलं होतं. तेव्हा आम्हा सगळ्यांना ती गंमत वाटली होती. आता घर त्या गमतीवर चालणार होतं. शांती नगरमधल्या एका केटररला रोज दुपारी भाईंदरला जेवण पोचवायला टेम्पो हवा होता. तो म्हणाला, "बेन, एक आठवडा चालवून दाखवा. जेवण वेळेवर पोचलं, तर रोजचं काम तुमचं."

पहिल्याच दिवशी टेम्पोनं आडमुठेपणा सुरू केला. ब्रेकवरून पाय काढला तरी चाकं मोकळी होईनात. मागून खरखर यायची आणि जळका वास. मी रजेवर होतो, म्हणून पातेली चढवायला-उतरवायला बरोबर जात होतो आणि पुढे वहिनीशेजारी दादा असायचा, म्हणून मागे पातेल्यांतच बसत होतो. तो वास आधी मला यायचा, मग उंधियूला.

वहिनीनं खारी गावातल्या मेकॅनिकला फोन लावला.

"भैया, ब्रेक पकड रहा है."

"तो अच्छा है ना भाभी. ब्रेक पकडने के लिए ही होता है."

"पकडता है, छोडता नहीं."

"हां, फिर बीमारी है. लेके आओ."

तोवर निदानं सुरू झाली होती. सोसायटीच्या सेक्रेटरींनी खाडीची खारी हवा आणि लोखंड या विषयावर पार्किंगमध्ये भाषण केलं. आभारप्रदर्शन तेवढं राहिलं. दादाचं मत ठाम होतं. "टेम्पोला काही झालेलं नाही. चालवणाऱ्याचा पाय जड आहे."

मेकॅनिकनं मागची चाकं खोलली. दोन्हीकडचे ब्रेकचे लायनर सारखेच घासले होते. स्प्रिंग ठीक, केबल ठीक. त्यानं लायनर घासून साफ केले आणि वहिनीकडे बघून विचारलं, "हँडब्रेक खींचके चलाते हो क्या?"

वहिनीला ते लागलं. डॅशबोर्डवरचा हँडब्रेकचा लाल दिवा टेम्पो घेतल्यापासून कायमच पेटलेला असतो, त्यामुळे त्याच्या साक्षीला काही किंमत नव्हती.

पुन्हा बिघाड झाला तर कुठलं चाक तापतंय ते बघायला मेकॅनिकनं सांगितलं होतं. हात लावायचा नाही, पाणी शिंपडायचं. वहिनीनं ते फार गंभीरपणे घेतलं. जेवण पोचवून झालं की ती बाटली घेऊन टेम्पोभोवती फिरायची आणि घावन टाकण्याआधी तव्यावर मारतात तसा चाकावर पाण्याचा हबका मारायची. पुढची चाकं गप्प राहायची. मागची दोन्ही चर्र करायची. येणारे-जाणारे तिला पूजा चालली आहे असं समजून वाट करून देत.

मग दादाला व्यायाम करून घ्यायला दवाखान्यात जायचं होतं, म्हणून एके दिवशी वहिनीशेजारी त्याच्या जागेवर मी बसलो. खरखर नाही, वास नाही. पुलाच्या चढावर टेम्पो असा सुटला की पातेल्यांनाही आश्चर्य वाटलं असेल. भाईंदरला वहिनीनं पाणी मारलं. चारही चाकं गप्प. तिनं बाटलीचं झाकण लावलं, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "भावोजी, उद्या यांना काही सांगू नका."

दुसऱ्या दिवशी दादा आपल्या जागेवर, मी पुन्हा मागे. केबिनची मागची काच उघडी होती. मीरा रोडला एक रिक्षा आडवी घुसली, वहिनीनं ब्रेक दाबला आणि आतून आवाज आला: कट्.

"अहो, हात कुठंय तुमचा?"

"इथंच आहे."

"इथंच म्हणजे?"

"आधाराला धरलं होतं."

"आधाराला वर दांडी आहे."

"हात वर केला की खांदा दुखतो."

"उजवासुद्धा?"

दादानं उजवा हात उचलून मांडीवर घेतला. मग म्हणाला, "हँडब्रेक पूर्ण ओढत नव्हतो. एकच खटका. तुला रिक्षा उशिरा दिसते."

"आजवर टेम्पो कुणाला लागलाय का?"

"नाही."

"मग?"

"मी ओढत होतो म्हणून."

या युक्तिवादाला उत्तर नाही. जगातल्या बऱ्याच सत्ता त्यावरच टिकून आहेत.

वहिनीनं टेम्पो बाजूला घेतला, मागे आली आणि माझ्या पायाशी ठेवलेलं कढीचं पातेलं मागितलं. ते तिनं दादाच्या मांडीवर ठेवलं. "दोन्ही हातांनी धरा," म्हणाली, "डाव्या हाताला व्यायामही होईल. मी बघते रिक्षांचं."

पुलावरून उतरताना दादानं डोळे मिटून घेतले होते, पण हात पातेल्यालाच होते. त्या दिवशी आम्ही पंगतीच्या आधी पोचलो. आठवडा संपल्यावर केटररनं काम कायम केलं. कढी पहिल्यांदाच भरल्या पातेल्यानं पोचली, याचं त्याला विशेष वाटलं होतं. वहिनीनं मागचे लायनर नवे बसवून घेतले.

आता दादाचा खांदा बरा आहे, डॉक्टरांनी चालवायची परवानगीही दिली आहे. अजून तरी त्यानं ती वापरलेली नाही; डाव्या बाजूला बसून तो वहिनीला ओव्हरटेक केव्हा करायचं ते सांगतो, आणि ती कधी कधी ऐकते. ब्रेक पकडतो आणि सोडतोही. दादाच्या सगळ्या पँटना कढीचा वास येतो.