चांदीचं पाणी आणि हिरवे पैंजण

मी घरी बनवलेलं औषध आजवर कोणीही प्यायलेलं नाही, म्हणून आमचं कुटुंब ठणठणीत आहे.

इथे आखातात, रुसैलच्या एका रंगाच्या कारखान्यात मी मालाची शुद्धता तपासतो. साहजिकच, व्हिडिओ बघून घरी ‘चांदीचं पाणी’ करताना मला कसलीच शंका आली नाही. (शंका घेणं हे ऑफिसचं काम. ते घरी कोण आणतं!) कृती सोपी होती. पाण्यात चांदीच्या दोन तारा सोडायच्या, बॅटरी जोडायची, की चांदीचे बारीक कण पाण्यात उतरतात. चिपळूणहून अल अमेरातला आमच्या घरी आलेल्या सासूबाई आठवडाभर खोकत होत्या. त्यांना बरं करून नाव कमवायचं होतं. तारा नव्हत्या, पण बायकोच्या कपाटात पैंजण होते!

शुक्रवारी दुपारी मी सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं आणि ग्लासातून लेझरचा किरण सोडला. पाण्यात लालभडक रेघ उमटली, अगदी व्हिडिओतल्या खुणेप्रमाणे.

“बघा! शुद्ध चांदीचे कण!”

मंजिरीने, म्हणजे बायकोने, लेझर हिसकावून भांडी घासायच्या साबणपाण्यावर धरला. तिथेही रेघ!

“अहो, मग हीपण चांदी का?”

तेवढ्यात आमची लेक ओरडली, “बाबा, पाणी ग्रीन झाली!”

खरंच, ग्लासात शेवाळी गाळ तरंगत होता. (काम लवकर उरकावं म्हणून चिमूटभर मीठ मीच टाकलं होतं.) मी चिमट्याने पैंजण वर काढले. काळेठिक्कर!

“माझे पैंजण!” मंजिरी किंचाळली.

“पैंजण कसले? हिरवं म्हणजे तांबं! आई, रागावू नका, पण तुमच्या सोनाराने लग्नात तुम्हाला चक्क फसवलंय!”

सासूबाईंनी शांतपणे चष्मा लावला. “जावईबापू, आम्ही दिलेले हिच्या पायात आहेत.”

मंजिरीने पाऊल पुढे केलं. लखलखीत!

“आणि हे,” ती म्हणाली, “तुम्ही इथल्या सूकमधून, बाजारातून आणलेत. ‘मी क्वालिटीवाला, मला कोण फसवणार’ म्हणत!”

“खलास,” मी पुटपुटलो आणि ग्लास गुपचूप मोरीत रिकामा केला.

सासूबाईंना डॉक्टरांकडे नेलं, औषध दिलं, खोकला गेला. पण परवा त्या चिपळूणच्या शेजारणीला फोनवर सांगत होत्या, “अगं, औषध कसलं! खोकला हसून हसून गेला. असा एक जावई घरात असावा गं... फक्त जेवणानंतर घ्यावा!”